रेव्हरंड टिळकांचे दोन त्याग

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. नाव उच्चारताच झाशीची राणी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वसाहतीत काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या मराठी वाचकाला तेथे नेहमी दुसऱ्या एका लक्ष्मीबाई आठवत. हिवाळ्यात रविवारच्या दुपारी आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबे एका क्वार्टरपुढच्या हिरवळीवर ऊन खात बसत असू आणि आळीपाळीने एखादे पुस्तक मोठ्याने वाचत असू. एका हिवाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतली होती. टिळकांच्या धर्मांतराचा भाग संपला तेव्हा लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी शांतपणे विचारले, “हे सगळे झाले, पण टिळकांना त्यातून मिळाले काय?”

प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. जन्मभर इतरांचे जमाखर्च तपासलेल्या माणसाला जो प्रश्न सुचावा तोच त्यांना सुचला होता. परंतु हाच प्रश्न आपल्या समाजाने दीडशे-पावणेदोनशे वर्षे फार वेगळ्या सुरात विचारलेला आहे. कोणी ख्रिस्ती झाला की तो पोटासाठी, नोकरीसाठी, नाहीतर मडमेसाठी बाटला, हे उत्तर आधीच ठरलेले असे. माझ्या विद्यार्थिदशेत एका नामांकित अध्यापकांच्या तोंडूनही नारायण वामन टिळकांविषयी मी हेच ऐकले आणि वहीत उतरवूनही घेतले. ते किती निराधार होते हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न मला टाळता आला नाही. टिळकांच्या चरित्राचा इतिहास म्हणून विचार करताना तो जमाखर्चाच्याच भाषेत मांडून पाहावा, असे तेव्हापासून मनात होते.

ह्या लक्ष्मीबाईंची कथाही १८५७ पासून सुरू होते, हा एक योगायोग. त्यांचे मातामह वासुदेव भगवंत जोगळेकर ह्यांना त्या उठावाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने असे पछाडले की बाहेरून आलेले मीठही धुतल्यावाचून घरात घेतले जात नसे. मीठ धुतले की काय उरते, हे सांगायला नकोच. अशा घरात १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले १८८० च्या सुमारास नारायण वामन टिळकांशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मी झाली. धर्मांतराने ह्या बाईचे काय मोडले असेल ह्याची कल्पना करायची, तर त्या धुतलेल्या मिठापासूनच सुरुवात केली पाहिजे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. जातीने चित्पावन. आई लवकर गेली, वडिलांशी पटले नाही, मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे एका अस्थिर, बुद्धिमान आणि पैशाच्या बाबतीत पूर्ण निरुपयोगी गृहस्थाची भटकंती आहे. शिक्षकी, कीर्तन, पुराण, शीघ्रकवित्व असे जे जमेल ते त्यांनी केले. हातात पैसा आला की तो पहिल्या गरजूला, नाहीतर पहिल्या सुंदर वस्तूला जाई. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांना विद्वानाला साजेसे काम मिळाले, ‘ऋषि’ ह्या मासिकाचे संपादन लाभले, आणि वयाच्या तिशीत त्यांच्याभोवती नावलौकिकाचे वलय जमू लागले. संस्कृतज्ञ, कवी, वक्ता आणि ब्राह्मण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ह्या चार गोष्टी ज्याच्यापाशी होत्या त्याला संस्थानिकांची आणि धनिकांची दारे बंद नव्हती. राजनांदगाव संस्थानातील नोकरी हे असेच एक उघडलेले दार होते.

१८९३ साली त्या नोकरीसाठी जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले. त्या गृहस्थाने निरोप घेताना बायबलची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. वाचता वाचता टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी आले आणि तेथेच थांबले. मनात चाललेल्या झगड्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यात जस्टिन अ‍ॅबट हे होते. (ह्याच अ‍ॅबटांनी पुढे मायदेशी परतल्यावर आपले उर्वरित आयुष्य एकनाथ, तुकाराम, रामदास आदी संतांची चरित्रे व रचना इंग्रजीत आणण्यात घालवले. टिळकांनी ख्रिस्ताकडे जावे आणि त्यांच्या मार्गदर्शकाने वारकरी संतांकडे यावे, ही देवाणघेवाण आमच्या वाङ्मयेतिहासात अजून पुरेशी नोंदली गेलेली नाही.) अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी त्यांनी नक्की काय सोडले, हे समजण्यासाठी पाच वर्षे मागे जाऊन पुण्यातला एक प्रसंग पाहावा लागेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या पुणेकर प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि बाळ गंगाधर टिळक होते. नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांसारख्या पुरुषालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकावे लागले ते वेगळेच. मिशनच्या पेल्यातील चहाची ही किंमत असेल, तर मिशनच्या पाण्याची किती असेल? रानड्यांना परत येण्याची वाट होती. टिळकांनी ती स्वतः बुजवली. नोकरी, आश्रयदाते, नातेगोते, पंक्ती, लेकराबाळांचे सोयरसंबंध हे सर्व एका दिवसात संपले.

कायद्याने मात्र तोवर बराच फरक पडला होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला गेला. त्यापूर्वी स्वधर्म सोडणारा हिंदू वडिलार्जित मिळकतीलाही मुके. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा कायदा नुकताच कुठे अमलात आला होता. कायद्याच्या कागदावर हक्क असणे आणि घराच्या उंबऱ्यात पाय ठेवता येणे ह्यांत केवढे अंतर असते, हे त्या पिढीच्या आत्मकथनांत दिसते. १८६६ साली आणखी एक कायदा झाला. नवख्रिस्ती पतीबरोबर किंवा पत्नीबरोबर नांदण्यास जोडीदाराने धर्माच्या कारणावरून नकार दिला, तर मुदतीनंतर न्यायालयामार्फत विवाह मोडून घेण्याची वाट त्याने मोकळी केली. टिळकांनी ही वाट धरली नाही. पुनर्विवाह करून नव्या समाजात सुखाने राहणे त्यांना कायद्याने शक्य होते. ते पत्रे पाठवीत राहिले आणि वाट पाहत राहिले. त्यांच्या बाजूचा जमाखर्च मांडताना हे टाचण विसरता कामा नये.

परंतु आता वहीचे दुसरे पान उघडले पाहिजे. मोठ्या माणसाचा त्याग सांगताना आपले चरित्रकार एक चूक नेहमी करतात. त्यागाचा निर्णय ज्याने घेतला त्याच्याच नावावर ते सगळा खर्च टाकतात. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची पहिली रक्कम लक्ष्मीबाईंकडून वसूल झाली. पतीने त्यांना विचारले नव्हते, पुरते सांगितलेही नव्हते. पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत असून त्याच्यापाशी जाता येत नाही, आणि तो नसल्यासारखेही वागता येत नाही. विधवेला निदान शास्त्राने एक जागा ठरवून दिली होती. ख्रिस्ती झालेल्याच्या बायकोला तीही नव्हती. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने त्यांनी चार-पाच वर्षे काढली. त्या काळात आपल्या जिवावर आणि बुद्धीवर कसा प्रसंग आला होता ते त्यांनी लिहून ठेवले आहे. ह्याच वर्षांत, जेमतेम अक्षरओळख असलेल्या ह्या बाई दुःखाच्या भरात पद्ये जुळवू लागल्या. मराठीला एक लेखिका मिळण्याची सुरुवात येथे आहे. पण तिची किंमत कोणी मोजली हेही त्याच पानावर लिहिलेले आहे.

‘स्मृतिचित्रे’चे नवल असे की ह्या सगळ्याचे वर्णन करताना लेखिकेच्या तोंडी एकदाही फिर्यादीची भाषा येत नाही. नवऱ्याचा तापटपणा, त्याचा विसराळूपणा, घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन येण्याची त्याची खोड, हे सारे ती हसत सांगते. त्या हसण्यामुळे कित्येक वाचकांना पुस्तक विनोदी वाटते. मला वाटते, हा विनोद म्हणजे हिशेबनीस बाईने रक्कम चुकती करून घेतल्यावर मारलेला शिक्का आहे. रक्कम खोडलेली नाही. ती तेथे स्पष्ट अक्षरात दिसते.

लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे परतल्या त्या हिंदू म्हणून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम, आणि टिळकांनी ते चालू दिले. येथे थोडे रेंगाळायला हवे. कारण बाप्तिस्मा हा टिळकांच्या बाबतीत ग्रंथातून आलेला निर्णय होता, तर लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो पाण्याच्या भांड्यातून आला. राहुरीच्या मुक्कामात एकदा, परक्या जातीच्या स्पर्शाचे पाणी पोटात गेल्याच्या कल्पनेने बेचैन झालेल्या ह्या बाई विचार करू लागल्या. देवाने पशूंच्या जाती निर्माण केल्या, पण माणसात स्त्री आणि पुरुष ह्यांच्याखेरीज कोणती जात त्याने केली? त्या रात्री एकट्याने केलेल्या ह्या विचाराच्या शेवटी त्यांनी ठरवले, की ह्यापुढे कोणाच्याही हातचे खाईन, पिईन. ख्रिस्ताचे नाव ह्या निर्णयात अजून नव्हते. जातीचे ओझे आधी उतरले, श्रद्धा मागून आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने केलेला हा प्रवास मला तिच्या पतीच्या प्रवासापेक्षा लांबचा वाटतो. ह्या वाक्याने काही टिळकभक्त रागावतील, तर रागावोत.

ते दिवस दुष्काळाचे आणि प्लेगचे होते. नगर जिल्ह्यात उपाशी माणसे मिशनच्या दारी येत होती, अनाथ मुले तेथे ठेवली जात होती, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या सुश्रूषेत राबत होत्या. ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा मुख्यतः ह्याच लोकांवर मारला गेला आहे. ह्या भागातील ख्रिस्ती समाजात मोठा भरणा महार आणि मांग कुटुंबांचा. त्यांतल्या कित्येकांनी अन्नाच्या आशेने मिशनचा उंबरा ओलांडला असेल. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु भरल्या पोटी बसून उपाशी माणसाच्या हेतूची शुद्धता तपासणे हा काही इतिहासकाराचा धर्म नव्हे. शिवाय भाकरीबरोबर ज्याला पहिल्यांदा पाटी आणि पुस्तक मिळाले, नावाने हाक मिळाली, त्याने जे स्वीकारले त्यातले ऐहिक कोणते आणि पारमार्थिक कोणते हे कोण वेगळे करून दाखवणार? त्यांनीही काही गमावले होतेच. गावकीतले स्थान, भाऊबंदकी, जत्रेतला मान हे त्यांच्या पदरचे होते. त्याची ‘स्मृतिचित्रे’ कोणी लिहिली नाहीत. ब्राह्मण धर्मांतरितांचा त्याग आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहिणारे होते.

टिळकांपुरता हा आरोप तपासायचा तर एक अडचण उरते, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बाप्तिस्म्यानंतर ते मिशनचे पगारी सेवक झाले. नगरला ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवू लागले, प्रवचने व कीर्तने करू लागले, १९१२ पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ ह्या १८४२ साली निघालेल्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. रेव्हरंड ही पदवी आली, घर आले, महिन्याच्या महिन्याला पैसे आले. राजनांदगावची नोकरी गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? १९१७ पर्यंतच्या चरित्रात ह्या प्रश्नाला निर्णायक उत्तर नाही, असे मला वाटते. वाङ्मयाची साक्ष काढता येईल. ‘वनवासी फूल’ लिहिणारा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या पोरसवदा कवीला घरी ठेवून घेऊन ‘बालकवी’ म्हणून वाढू देणारा माणूस पगाराकडे पाहून जगत नव्हता, हे उघड आहे. पण न्यायालयात हा पुरावा चालणार नाही.

उत्तर मिळते ते १९१७ साली. वय पंचावन्न उलटून गेलेले, कीर्ती पक्की झालेली, प्रकृती उताराला लागलेली. अशा वेळी टिळकांनी मिशनच्या पगाराचा राजीनामा दिला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करण्याच्या कामाला लागले. ‘ज्ञानोदय’शी असलेले नाते त्यांनी तोडले नाही आणि मिशनऱ्यांशी भांडणही मांडले नाही. त्यांना सोडायचा होता तो फक्त पगार. पगाराने बांधलेला उपदेशक आपल्याच देशबांधवांच्या दृष्टीने परक्यांचा नोकर ठरतो, ही गोष्ट त्यांना वर्षानुवर्षे सलत होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. पण तुकोबांनी तर कोणाचा पगार घेतला नव्हता. देहूच्या वाण्याने कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि राजाने पाठवलेला नजराणा परत केला, ह्या कथा कीर्तनकार टिळकांनी किती वेळा श्रोत्यांना सांगितल्या असतील! त्या स्वतःच्या आयुष्याला लावून पाहण्याचे त्यांनी बाविसाव्या वर्षी ठरवले, बाप्तिस्म्यानंतरच्या बाविसाव्या.

ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी मिशनच्या नोंदवहीत नाव असलेच पाहिजे असे नाही, ही भूमिका त्या काळी हिंदूंना जितकी अवघड होती तितकीच मिशनलाही. त्यामुळे दुसऱ्या त्यागात पहिल्याचे मोल पुन्हा एकदा चुकवावे लागले. पहिल्या वेळी स्वकीयांचा संशय पदरी आला होता, आता नव्या स्वकीयांचाही आला. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हाच धागा आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांनी आधार दिला त्या अँग्लिकन भगिनींच्याही पुढे त्यांनी मान तुकवली नाही, आणि इकडे १८९३ साली शारदासदनाच्या वादात पुणेकरांनी पाठ फिरवली. दोन्ही बाजूंना नकोसे होणे ही ऐहिक लाभाची खूण नव्हे, एवढे तरी आमच्या जुन्या अध्यापकांना मान्य करावे लागले असते.

दरबार फार काळ चालला नाही, कारण टिळकच राहिले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संस्था म्हणून पाहिले तर प्रयोग फसला, असे म्हणावे लागेल. पगार सोडल्यापासून मृत्यूपर्यंत त्यांना जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली. ह्या काळातील खर्चाचा भार पुन्हा घरावरच पडला, आणि घर म्हणजे लक्ष्मीबाई. पतीच्या पश्चात त्यांनी नोकरी केली, मुलाबरोबर कराचीपर्यंत जाऊन राहिल्या. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून मुलाने, देवदत्ताने, आग्रह धरला आणि साठी उलटलेल्या लक्ष्मीबाई लिहीत गेल्या. १९३४ ते १९३६ ह्या काळात ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळकांचे चरित्र लिहायला बसलेल्या बाईच्या हातून तिचे स्वतःचे चरित्र लिहून झाले.

लक्ष्मीबाई नगरातल्या त्या दुपारी मी एवढे सगळे बोललो नव्हतो. बोलायला मुद्देही हाताशी नव्हते. मी फक्त १९१७ चा राजीनामा सांगितला. निवृत्त गृहस्थांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे पेन्शनही सोडले?” मी हो म्हटले. मिशनच्या सेवकांना निवृत्तिवेतन मिळे की नाही ह्याची मला माहिती नव्हती, आणि तसे मी त्या दिवशी कबूल करायला हवे होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदराची छटा आली होती, ती घालवण्याचा मला धीर झाला नाही. मग त्यांच्या पत्नीने, ज्या तोवर वाटाणे सोलत होत्या, नवऱ्याकडे न पाहता विचारले, “आणि बाईंचे काय? त्यांना कोणी विचारले होते का?” त्यावर कोणी बोलले नाही. पुढचे प्रकरण वाचायला घेतले.

टिळकांनी ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात फादर स्टीफन्सनी जे केले होते त्याच जातीचे हे काम. आरंभीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते अर्धे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्या माणसाने त्यांना न विचारता हा देव घरात आणला होता, त्याच्या देवाची कथा त्यांनी आपल्या ओव्यांत जवळजवळ शेवटाला नेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर आले ते १९३८ साली.